नकोचा ठोकळा

टेबलाखाली

मुंगी तीन महिने टेबलाखाली होती. आधीच्या शाळेत पटकन उत्तर देत नाही म्हणून तिला कोंडून ठेवायचे. तेव्हापासून तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. शिशुवर्गाच्या बाईंनी तिला एकदाही ओढून बाहेर काढलं नव्हतं. आठवड्याला वीतभर, अशी त्या आपली चटई टेबलाकडे सरकवत आल्या होत्या. घाई त्यांना नव्हती. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, होती.

टेबलावर

ठोकळ्यांची टोपली. थांबा, हे आधीच सांगायला हवं होतं. सकाळी एखादं पोर रडत आलं की बाई त्याच्यापुढे एक लाकडी ठोकळा ठेवायच्या. म्हणजे आज तुला कोणी काही विचारणार नाही. मुंगीसाठी रोज एक, टेबलाच्या कडेपाशी, जमिनीवर.

मोठ्या बाई म्हणायच्या, अंगठ्याएवढी पोरं आणि यांचे नखरे राजाचे.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, साहेबांसमोर हे ठोकळे दिसता कामा नयेत. आणि ती पोरगी एका तरी प्रश्नाला उत्तर देऊ दे, नाहीतर तिचं नाव कमी.

बाईंनी टोपली दडवली. कुठे? टेबलाखाली. वर्गात दुसरी आडोशाची जागाच नव्हती. मुंगीची जागा ती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

टेबलासमोर

साहेब वाईट नव्हते, आवाज मोठा होता. वर्गात दिवसभर बडबडणारा पोरगा भोंगा, त्याला त्यांनी उभं करून आकडे विचारले. भोंग्याची हनुवटी थरथरायला लागली.

तेवढ्यात टेबलाखालून टोपली सरकत आली. मागून मुंगी.

तिने भोंग्यापुढे ठोकळा ठेवला. मग शेजारणीपुढे. मग एकेकापुढे, बाई ठेवतात तसा, अलगद, आवाज न करता. शेवटचा बाईंपुढे. सगळा वर्ग निवांत गप्प बसला. साहेबांनी पुन्हा विचारलं, कोणी ढिम्म हललं नाही.

"साहेब, ही आज पहिल्यांदा बाहेर आली," बाई म्हणाल्या.

"बोलली का?"

"नाही."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. बाकीच्या वर्गाबद्दल लिहायला त्यांना जरा जास्त वेळ लागला.

दारात

मुंगीची आई कामावरून तशीच आली होती, ओल्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाईंनी तिला सगळं सांगितलं, नाव कमी झाल्याचंही.

"स्वतःहून आली बाहेर?"

"स्वतःहून. सगळ्यांना ठोकळे वाटले."

आईचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने मुंगीचं दप्तर उचललं.

"मग आता हिला कुठे नेऊ, बाई?"

दोन शाळांची नावं बाईंच्या ओठांवर आली. दोन्हींकडे दाराला बाहेरून कडी होती. मुंगी आईच्या पायांमागे उभी होती, तिथे जागा फार नव्हती.

भिंतीपलीकडे

वर्ग दुसऱ्या बाईंना दिला. टेबल हलवलं. आपल्या बाई आता कचेरीत हजेरीचे कागद लावतात. पलीकडून आकडे ऐकू येतात, एकसुरात, खणखणीत. मोठ्या बाई म्हणतात, बघा, शिस्त लावली की पोरं कशी सुतासारखी सरळ होतात.

बाई कान देऊन ऐकतात. भोंग्याचा आवाज त्यात नसतो.