एका दाताचा फरक

एकनाथचा तेरावा उरकल्यावर महिपतीने भवानी पेठेतल्या गॅरेजचं शटर उघडलं. आत एक पांढरी गाडी तो सोडून गेला तशीच उभी होती. बॉनेट वर, पुढचं एक चाक काढलेलं, इंजिनाच्या बाजूचं झाकण फरशीवर. गाडी वळसंगच्या एका शाळामास्तरांची. बिचाऱ्यांनी एकदाही फोन करून तगादा लावला नव्हता.

गॅरेज दोघा मित्रांनी मिळून उभं केलेलं. त्या दिवशी एकनाथ टायमिंग बेल्ट बदलत होता. जुना पट्टा उतरवून त्याने नवा चढवायला हातात घेतला आणि छाती धरून जो खाली बसला, तो उठलाच नाही. महिपती तेव्हा त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या गाडीचे ब्रेक बघत होता. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता अर्धं राहिलेलं काम त्यालाच पुरं करायचं होतं.

खाली क्रँकची पुली, वर कॅमची. दातेरी पट्टा ही दोन्ही चाकं एका तालात फिरवतो. दोन्हींवर कंपनीने कोरलेली बारीक खूण असते. दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या की मगच पट्टा चढवायचा. एक दात इकडचा तिकडे झाला तरी इंजिनाचा ताल बिघडतो. जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. एकनाथने खुणा जुळवून ठेवल्या होत्या. शिवाय त्याच्या सवयीप्रमाणे जुन्या पट्ट्यावर खुणांसमोर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले होते आणि दात मोजून तेच नव्या पट्ट्यावर उतरवले होते.

पट्टा चढवताना वरचा ठिपका खुणेवर बसेना. कॅम जरा हलला असेल, असं म्हणून महिपतीने कॅमच किंचित फिरवून ठिपक्याला जुळवला. एकनाथच्या ठिपक्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. ताण देऊन त्याने पान्याने क्रँक हातानेच दोन फेरे फिरवला. खालची खूण जागेवर आली. वरची बाजूलाच राहिली.

त्याने पट्टा उतरवला, दोन्ही पट्टे फरशीवर शेजारी ठेवले आणि ठिपक्यांमधले दात बोटाने मोजले. नव्यावर एक दात कमी भरला. पुन्हा मोजले. तेच.

महिपती तिथंच बसून राहिला. एकनाथचं मोजणं कधी नव्हे ते चुकलं होतं. म्हणजे कळ अचानक आली नव्हती. आधीपासून त्याला काहीतरी होत होतं, आणि हाकेच्या अंतरावर बसलेल्या आपल्याला पत्ताच नव्हता.

“भावजी.”

दारात एकनाथची बायको दुर्गा उभी होती. घर मागच्याच बोळात. शटरचा आवाज ऐकून आली असावी. ती इंजिनाकडे बघत म्हणाली, “त्येंनी काम नीट केलतं न्हवं?”

व्हय म्हणून मोकळं होता आलं असतं. महिपतीची जीभ तशी वळेना.

“न्हाय वैनी. एक दात चुकलाय. एकनाथ आन् चुकला! आदीपास्नंच दुखत असनार त्येला. मी हितंच हुतो की. मला कळलं न्हाय.”

दुर्गा उंबऱ्यावर टेकली.

“मला म्हनले हुते,” ती म्हणाली. “सकाळी. हात लई जड पडलाय म्हनले. मी म्हनले, त्या कुशीवर निजला असाल. च्या दिला आन् धाडलं. सासूबाईंना बी सांगितलं न्हाय मी हे. कुनालाच न्हाय.”

तिचा बांध फुटला. महिपती मान खाली घालून बसला.

रडं ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. “चुकलंय त्ये नीट करा आता. मी थांबते.”

महिपतीने फडक्याने नव्या पट्ट्यावरचे ठिपके पुसले. दोन्ही पुल्या कंपनीच्या खुणांवर आणल्या. दुर्गाने टॉर्च धरला. उजेड तिने पुलीवरून हलू दिला नाही. पट्टा चढला, ताण बसला, क्रँकचे दोन फेरे झाले.

“जुळलं?”

“तुमीच बघा.”

ती वाकली. दोन्ही बारीक खुणा आपापल्या जागी होत्या.

झाकण लावून, चाक बसवून महिपतीने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं आणि एकसारखं चालत राहिलं. दोघं तो आवाज ऐकत उभी राहिली. बंद करायला कुणाचाच हात पुढे होईना.

“मास्तरांना कळवा,” दुर्गा म्हणाली. “आन् मी सासूबाईंना सांगते समदं. लपवून न्हाय जमायचं.”

ती बोळाकडे वळली. महिपतीने फोन काढला.