कडेने शिरणारी हवा

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपट्टी आहे. कागदाइतकी पातळ, मनगटाभोवती गुंडाळता येईल अशी. माझ्याआधी घडलेल्या पाच बहिणी मात्र महिनाभरही जगल्या नाहीत.

आमचा जन्म ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका प्रयोगशाळेतला. उजेड देणारा आमचा थर हवा आणि ओल लागली की मरतो. म्हणून तिथली संशोधक अरिस्तेआ नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून आम्हाला घडवायची. बहिणींवर तिने संरक्षक पापुद्रा चिकटवला होता. तरी त्यांच्यावर काळे डाग पसरले. सगळ्यांनी पापुद्र्याला दोष दिला. तिने मात्र भिंगाखाली पाहिलं. प्रत्येक डाग कडेपासून सुरू झाला होता. हवा गोंदाच्या अरुंद रेघेतून शिरत होती.

"आता गोंदाची रुंद कड ठेवते," ती म्हणाली.

"आणि उजेड कुठून पाडणार, किनारीतून?" प्रमुख पांतेलीस म्हणाले.

"थोडी जागा कमी उजळेल, साहेब. पण उजळत राहील."

"बघ बाई. माल एकाच पट्टीपुरता उरलाय. ही गेली तर काम बंद."

ती एक पट्टी म्हणजे मी.

मी पेटीत उघडी पडले होते. अरिस्तेआ गोंद घेणार, तोच तिच्या डाव्या मोज्याला चीर गेली. भोंगा वाजू लागला. ओलीचा आकडा चढू लागला.

"हात काढ, पोरी!" जुन्या तंत्रज्ञ दोम्नाबाई ओरडल्या.

"काढला तर चीर मोकळी होईल!"

तिने डावी मूठ आवळून चीर दाबली आणि एकट्या उजव्या हाताने गोंदाची रुंद रेघ ओढली. पापुद्रा ठेवायला मात्र दोन हात हवेत. दोम्नाबाईंनी शेजारच्या मोज्यांत हात घातले.

"हं, सांग. कुठे?"

"डावीकडे. जरा अजून. आता सोडा!"

पापुद्रा बसला. जांभळ्या दिव्याखाली गोंद आळला. मूठ उघडेना, तेव्हा दोम्नाबाईंनीच अरिस्तेआची बोटं एकेक करून सरळ केली.

मग टिकते का हे पाहायला मला दमट, गरम कपाटात ठेवलं. चाळीस दिवस पांतेलीस रोज डोकावून जात. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी मला बोटाभोवती गुंडाळलं, कळ दाबली. किनार सोडून मी अख्खी उजळले, कुठेही डाग नव्हता.

"अरिस्तेआ," ते हळूच म्हणाले, "पुढच्या सगळ्या पट्ट्यांना हीच कड ठेव."

मित्रांनो, मला खुशाल वाकवा, गुंडाळा. पण माझी न उजळणारी किनार निरुपयोगी समजून कापू नका. मी तिच्यामुळेच जिवंत आहे.