तरंगेल ते आत

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. भट्टी म्हटलं की तुम्हाला लोहार आठवेल, पण मी त्यातली नव्हे. माझ्या पोटात प्लास्टिक शिजायचं आणि त्याचं तेल व्हायचं. आता पोट रिकामं आहे, झाकण गंजून घट्ट बसलंय, आणि पक्षी डोक्यावर बसून घाण करून जातात. करू देत बापडे. एके काळी माझ्याशिवाय या किनाऱ्यावरच्या नावा हलत नव्हत्या, हे त्यांना कुणी सांगावं?

माझा जन्म भंगारात झाला. मोडीत निघालेल्या एका जहाजाची जाड पत्र्याची टाकी मिस्त्रींनी ओढून आणली. मिस्त्री म्हणजे नावांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. बोलणं कमी, हात सोन्याचे. त्यांनी मला कापलं, ठोकलं, जोडलं. वर झाकण बसवलं, झाकणातून एक नळी काढली आणि ती थंड पाण्याच्या हौदातून फिरवली. खाली जाळ लावला की आतलं प्लास्टिक वितळायचं, त्याची वाफ नळीत जायची आणि निवून दुसऱ्या टोकाला थेंब थेंब तेल गळायचं. तोवर लोकांनी त्यांची टर उडवून घेतली होती. "कचऱ्याचं तेल काढतोय म्हणे! आता वाळू रगडायची तेवढी राहिली," असं म्हणायचे. पहिल्या तेलावर इंजिन सुरू झालं तेव्हा तेच लोक बाटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. माणसांचं असंच असतं.

मिस्त्रींनी हा खटाटोप कुणासाठी केला, तेही सांगते. त्यांच्या थोरल्या भावाला समुद्राने नेलं होतं. मागे राहिल्या वहिनी, त्यांचा तरणा मुलगा आणि एक नाव. डिझेल परवडत नव्हतं म्हणून नाव वाळूवर उपडी पडलेली. कधी समुद्रात गेलीच, तर जाळ्यात माशांपेक्षा पिशव्याच जास्त यायच्या. मुलगा सारखं म्हणायचा, "काका, मी आपला शहरात जातो. इथे काय ठेवलंय?" ते ऐकलं की वहिनींच्या हातातलं काम थांबायचं. "समुद्राने नवरा नेला. आता शहराने मुलगा न्यायचा का हो भावजी?" असं त्या दिराला विचारायच्या. त्याला उत्तर म्हणून मिस्त्रींनी मला घडवलं.

आणि मित्रांनो, मी चालले! नावा जाळ्यात आलेला कचरा परत पाण्यात न फेकता माझ्या दारात आणून टाकू लागल्या. बायका सकाळी वाळूवरून टोपल्या भरून आणायच्या. निवडायचं काम वहिनींचं. समोर पाण्याने भरलेला टब, आणि नियम एकच. तरंगेल ते आत, बुडेल ते बाहेर. कारण बुडणाऱ्या जातीचं प्लास्टिक, पाइपांचे तुकडे, वायरींची आवरणं, माझ्या पोटात गेलं की त्याचं आम्ल होतं. ते मलाही खातं आणि इंजिनालाही. हा नियम मिस्त्रींनी केला, पण पाळला वहिनींनी. एखादी बाई घाईने न बघता काही टाकायला गेली, की वहिनी तिचा हात धरायच्या. "अगं, भट्टी आहे ती, उकिरडा नव्हे. आधी पाण्याला विचार." मला फार बरं वाटायचं. माझ्या पोटाची इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.

किती तरी वर्षं अशी सुखाची गेली. मुलगा शहराचं नाव काढेनासा झाला. उपडी नाव सुलटी झाली, तिला रंग लागला. सुट्टीत शाळेतली मुलं मला बघायला यायची आणि गुरुजी माझं कौतुक करायचे. मी काळीकुट्ट, पण त्या दिवसांत जरा तोऱ्यातच असायची.

मग तो दिवस आला. पावसाळ्यातल्या मासेमारीच्या मोठ्या बंदीनंतर दुसऱ्या दिवशी नावा पहिल्यांदा निघणार होत्या. मिस्त्री पलीकडच्या धक्क्यावर कुणाचं तरी इंजिन उघडून बसले होते. वहिनी एकट्याच माझ्यापाशी. प्लास्टिक थोडं कमी पडलं, माझं पोट भरेना. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर समोरच्या आपल्या घराच्या पडवीतल्या खुंटीवर गेली.

खुंटीवर त्यांच्या नवऱ्याचा पावसाळी कोट होता. जाड, पिवळा, मेणचटलेला. समुद्रात गेले त्या दिवशी ऊन होतं म्हणून तो घरी राहिला, आणि तेव्हापासून तिथेच होता. वहिनींनी तो काढला, छातीशी धरला. "लेकाच्या नावेत तुम्हीही चला," असं त्या हळूच म्हणाल्या. मग टबाकडे वळल्या. कोट पाण्यावर धरला आणि तशाच थांबल्या.

मित्रांनो, ज्या बाईचा नवरा पाण्यात बुडाला, तिने त्याचा कोट पाण्यात टाकून तो बुडतो का हे कसं बघावं? त्यांच्याने ते झालं नाही. कोट कोरडाच माझ्या पोटात आला.

तो बुडणाऱ्या जातीचा होता. मला आतून कळलं, आग आग झाली, पण भट्टीला कुठे जीभ असते? झाकणातून झोंबरा वास सुटला, वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांना वाटलं, आपण रडतोय. रडतही होत्याच.

मुलाची नाव दुसऱ्या दिवशी निघाली ती तेच तेल घेऊन. भर समुद्रात गाळणीत साका साचला, इंजिन बंद पडलं, वाऱ्याने नाव खडकांवर नेऊन आपटली. मुलाला दुसऱ्या नावेने वाचवलं. नाव मात्र गेली.

मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं. नळीचा सांधा आतून खाल्लेला होता. तळाच्या काजळीत हात घालून ते चाचपत राहिले, आणि त्यांच्या हाताला एक पितळी बक्कल लागलं. भावाच्या कोटाचं बटण तुटलं होतं तेव्हा ते बक्कल मिस्त्रींनीच बनवून लावलं होतं. त्यांनी मान वर करून पडवीतल्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. बराच वेळ ते माझ्या पोटात डोकं घालून बसले. मग बक्कल खिशात टाकलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "माझाच सांधा कच्चा राहिला. तेल बिघडलं ते माझ्यामुळे."

पुतण्याने ते ऐकलं. ज्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, तो काकाकडे पाठ फिरवून शहरात निघून गेला. पुन्हा मला कुणी पेटवलं नाही. मिस्त्रींकडे कुणी इंजिनही आणत नाही. आणि किनाऱ्यावर पिशव्या येतच असतात, पूर्वीसारख्याच.

संध्याकाळी वहिनी मिस्त्रींसाठी चहा घेऊन येतात. दोघं माझ्या सावलीत बसतात. वहिनी समजूत घालतात, "भावजी, किती मनाला लावून घ्याल? चूक माणसाच्याच हातून होते. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय." मिस्त्री मान खाली घालून चहा पितात. एक हात खिशात असतो.

मित्रांनो, मी तर मोडीत जाणार. पण तुमच्या किनाऱ्यावर माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या पोटाची काळजी घ्या. तिच्यात काहीही टाकायच्या आधी, ते कितीही जिवाभावाचं असलं तरी, एकदा पाण्यात टाकून बघा.