दादाच्या गिटारची घूं
पुतणीने दादाची गिटार माझ्या दुरुस्तीच्या बाकावर ठेवली. "काका, हिची घूं कायमची बंद कर."

"तारांचा आवाज टिपणारी पिकअप जुनी आहेत, ॲम्पला जोडली की घूं होणारच. तारांना माणसाचा हात लागला की थांबते."

"तेच तर! घरी कोणी हात न लावताच थांबते. बाबा जाऊन आठ महिने झाले, आई दिवसभर ॲम्प चालू ठेवून समोर बसते. घूं थांबली की म्हणते, आले बघ. धड जेवत नाही, दाराबाहेर पाऊल टाकत नाही. नुसती काटकी झालीये रे."

मला राग आला. वहिनीचा, आणि त्याहून माझा. आठ महिन्यांत मी त्या घरी दोनदा गेलो होतो. "भुतंबितं काही नाही," मी खेकसलो. "एखादी वायर सैल असेल."

"टोनचं बटण कमी करून पाहिलं मी."

"त्याने काय होतंय, कप्पाळ? टोनचा कपॅसिटर वरची किणकिण तेवढी गिळतो. घूं खालच्या आवाजाची, ती राहतेच."

तारा काढल्या, झाकण उघडलं. सगळं दादाने स्वतः जोडलेलं. सोल्डरचा एकेक डाग चकचकीत, माझ्यापेक्षा सरस. सैल काहीच नव्हतं. मग आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली. ती ग्राउंडच्या वायरला जोडली की घूं कायमची जाते. एकच डाग उरला, तेव्हा तपासायला ॲम्प लावला. घूं चालू झाली.

आणि थांबली.

माझे दोन्ही हात हवेत होते. हात लावायला गिटारवर ताराच नव्हत्या. ॲम्पचा दिवा जळत होता, प्लग घट्ट होता.

पुतणी पांढरीफटक पडली. "काका, नको. राहू दे."

"आणि आई?"

ती ओंजळीत तोंड लपवून रडली. मग म्हणाली, "जोड."

ॲम्प चालू असताना डाग देऊ नये, हे मी दहा जणांना बजावलंय. पण तो बंद करायला माझा हात धजेना. तापलेली सोल्डरिंग गन वायरजवळ नेली. घूं अजून थांबलेलीच होती.

"दादा," मी म्हटलं, "हात काढ. भाजेल."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घूं परत आली.

मी डोळे पुसले आणि डाग दिला.