खंडेनवमीचा नारळ

नांदेडच्या खोलीत बसून अश्वजितनं लातूरच्या शिकवणीतल्या सर्व्हरवर नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतली मूळ आज्ञावली, चढवायला घेतली, आणि ती अर्ध्यात असताना तिकडचा संपर्कच तुटला. एका पोलादी पेटीत पाट्यांसारखे उभे बसवलेले सर्व्हर, त्यातली सगळ्यात मोठी पाटी मेली. चार हजार पोरांची संध्याकाळी चार वाजताची ऑनलाइन परीक्षा तिच्यावरच होती. एसटी धरून तो दुपारी पोचला.

पेटीवर झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढं न फोडलेला नारळ. वीज कुणी काढली, हे विचारायची गरजच उरली नाही.

शिकवणीचे मालक भुजंगराव म्हणाले, "खंडेनवमी हाय. घटकाभर यंत्राला इसावा दिला. तेवढ्यानं मरतंय व्हय?"

"फोनवर सांगितलं होतं मालक, वीज काढू नका म्हणून."

"मालकाला शिकवतो का बे?" त्यांचा धाकटा भाऊ वीरेश पुढं आला. त्यानं अश्वजितचा डावा हात पेटीच्या दारात घातला आणि दारावर लाथ हाणली. दोन बोटं कडकन मोडली. मग नाकावर बुक्की. रक्त झेंडूवर उडालं. "चारच्या आत चालू कर. न्हाईतर दुसरा हातबी घालतो."

वीज परत जोडलेली होती आणि पेटीवर देखरेख ठेवणारं कार्ड जिवंत होतं. त्यातून जुनं फर्मवेअर परत चढवता येत होतं. अश्वजितनं एका हातानं काम सुरू केलं.

"वीस मिनिटं कुणी हात लावू नका. आता वीज गेली तर पाटी कायमची गेली."

पडद्यावरचा आकडा साठ टक्क्यांवर थांबला. तो तिथं थांबतोच, पण वीरेशला दम कुठला?

"अडकलंय. बंद करून चालू करू," म्हणत त्यानं बटणाकडं हात नेला.

अश्वजितनं नारळ उचलून त्या मनगटावर घातला. हाड वाजलं. दुसरा घाव खांद्यावर. नारळ फुटला, पाणी पेटीपासून वीतभर अलीकडं थांबलं.

"लाव हात! लावून बघ पुन्हा!"

"दादा, मारला याला!" वीरेश बोंबलला.

भुजंगरावांची नजर पडद्यावर होती. एकसष्ट. ते बटणाच्या आड उभे राहिले. "बस खाली, वीरेश. हलू नको."

तीन वाजून दहा मिनिटांनी पाटीवर हिरवा दिवा लागला. भुजंगरावांनी फरशीवरचा खोबऱ्याचा तुकडा पुसून सवयीनं प्रसाद म्हणून अश्वजितपुढं केला.

त्याचा डावा हात उघडत नव्हता, आणि उजव्यानं तो डावाच धरला होता. तो तसाच बाहेर पडला.