भुंग्याचा पट्टा

दिशाच्या घरचा कुत्रा भुंग्या चावतो, हे निमगाव साव्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. का चावतो, हे मात्र कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. दिशाला चीड यायची ती याची.

प्राणिशास्त्रात बीएस्सी होऊन ती घरी आली, तेव्हा भुंग्याच्या सगळ्या दुखण्यांवर घरात एकच निदान होतं. मान झटकतो? माजलाय. भाकर तशीच ठेवतो? माजलाय. मेंढरांमागं जात नाही? "लई माजलाय त्यो," तिचे वडील, अप्पा म्हणायचे. मग एका सकाळी त्यांच्याच मनगटात दात रुतले आणि विषय संपला. भुंग्याला रेबीजची लस वेळेवर टोचलेली होती, तरी अप्पांनी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. येताना ते पिकअपवाल्या संपतला सांगून आले, "सांजच्याला पिकअप डिंभ्याला जाईल ना, तवा ह्याला धरणापाशी सोडून ये."

"तिथं खाईल काय तो?" दिशानं विचारलं.

"मासळीचं उरलंसुरलं खाईल. हितं माणसं खाया लागलाय."

दिशानं काय कमी केलं होतं? जंताची गोळी दिली, खाणं बदललं, आठवडाभर त्याच्याबरोबर माळावर भटकली. शेवटी तो तिच्यावरही गुरगुरला. आता संध्याकाळ व्हायला आली होती आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

"अप्पा, नीट आठवून सांगा. चावला तेव्हा तुमचा हात कुठं होता?"

"त्याच्या तोंडात!"

ओट्यावर बसलेली तुकाबाई आजी खो खो हसली.

"त्याच्या आधी हो!" दिशा ओरडलीच.

"साखळी लावत व्हतो."

धाकटी बहीण ऋतिका भुंग्याच्या गळ्यात पडली, तेव्हा तिच्या अंगावर धावून गेला होता. आजी लांबूनच भाकर टाकते. तिला कधी काही केलं नाही. दिशा भुंग्याच्या मानेकडे बघत राहिली. तिथं खिळ्यांचा पट्टा होता. बिबट्या नरडं धरतो, म्हणून बाहेर टोकं काढलेला, चामड्याचा. भुंग्या अंगानं लहान होता तेव्हाच अप्पांनी तो रिबिट ठोकून कायमचा बसवला होता. त्याचं बाकी सगळं तिनं तपासलं होतं, फक्त पट्ट्याखाली बघितलं नव्हतं.

"पट्टा कापायचा."

"हात लावू नको त्याला!" आजी उठलीच. "शेजारच्या ज्ञानेश्वरानं कुत्रं धुवायला पट्टा काढला, त्याच राती बिबट्यानं उचललं."

"म्हणून जन्मभर काढायचा नाही?"

"अगं, जन्म ऱ्हातुय तरी पट्ट्यामुळंच."

तेवढ्यात फाटकाशी संपतचा हॉर्न वाजला. दिशानं ओढणीनं भुंग्याचं तोंड बांधलं. "अप्पा, धरा. एवढं बघू, मग न्या त्याला कुठं न्यायचं ते."

अप्पांनी कुरकुरत धरलं. पत्रा कापायच्या कात्रीनं चामडं तुटलं आणि असा वास सुटला की संपतनं नाकाला रुमाल लावला. खिळ्यांची डोकी कातड्यात रुतली होती. जखमेत अळ्या वळवळत होत्या.

मग अप्पा म्हणाले, "संपत, गाडी जनावरांच्या डाक्टराकडं घे."

"आन डिंभं, दत्ताभाऊ?"

"डिंभं काय पळून चाललंय व्हय? घे म्हणलं ना!"

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि बजावलं: भरेपर्यंत मानेला काही बांधायचं नाही. म्हणजे बाहेर झोपवायचं नाही. आजीनं तेवढ्यावरूनही तासभर भांडण काढलं, "कुत्रं घरात म्हंजी लक्ष्मी दाराभायेर!" आणि शेवटी पुटपुटत स्वतःच चुलीपलीकडं पोतं टाकलं.

भुंग्या त्यावर बसला. दिशा मलम घेऊन जवळ गेली, तर पुन्हा तिच्यावर गुरगुरला.

"बघ, गुन मानतुय का?" आजी म्हणाली.

दिशाला रडूच यायचं बाकी होतं. पण ती हात मागं घेऊन तिथंच खाली बसली, मलमाचं झाकण उघडं ठेवून.