खालच्या खणातले पत्र

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर वेळेवर गेले नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. मी एक जुना खण आहे. लिहायच्या टेबलाचा, उजवीकडचा, सर्वांत खालचा. खणाने आपली गोष्ट सांगावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण मन हलके करायला दुसरा मार्गही दिसत नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवले. पुढे ग्रंथपाल विल्फ्रेड थ्वेट यांनी आमचे टेबल विकत घेऊन खिडकीशी मांडले. दर शरद ऋतूत ते माझ्या कडांवर मेणबत्ती घासत आणि म्हणत, "एनिड, बघ, एका बोटाने उघडतो." त्या कौतुकाने मी सुखावत असे.

मग त्यांच्या पत्नीचे, एनिडबाईंचे, खुबे दुखू लागले. झोपायची खोली वर. त्या जिन्यावर बसून एकेक पायरी खाली सरकत उतरायच्या. त्या काळजीत मेणबत्ती राहून गेली. मी रुसलो, दमट हवेत फुगलो.

शेवटी दोघांनी ठरवले, हे उंच घर विकायचे आणि चर्चमागचे बिनजिन्याचे बैठे घर घ्यायचे. हे घर विकणारा दलाल आमच्याच टेबलाशी चहा पीत म्हणाला, "थ्वेट साहेब, विक्रीला आमचेच वकील घ्या. सगळे घेतात."

"बरं," विल्फ्रेड म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बैठ्या घराच्या दलालाचा फोन आला. खरेदीला त्याच्या ओळखीचे वकील घ्यावेत, असे त्याचे म्हणणे. विल्फ्रेड पुन्हा म्हणाले, "बरं."

"दोन वकील?" एनिडबाईंनी विचारले. "आणि ते एकमेकांशी बोलणार कधी?"

"आता नाही कसं म्हणू? माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला."

"चहा आपला, दूध आपलं. आणि मिंधे आपणच?"

त्याच आठवड्यात मिस गार्साइड या वकीलबाईंचे पत्र आले. एकतीस वर्षांपूर्वी या घराची कागदपत्रे त्यांनीच केली होती. त्यांनी लिहिले होते, "घर विकायला काढल्याचे कळले. विकणे आणि घेणे दोन्ही एकाच हाती ठेवा, म्हणजे किल्ल्या एकाच दिवशी बदलतील. सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत इथे कुणीही शब्द मागे घेऊ शकतो. वकील निवडताना एवढेच विचारा, की फोन केल्यावर उत्तर कोण देणार. मी नको असेन तरी कळवा. राग मानणार नाही."

विल्फ्रेडांचे कान लाल झाले. त्यांनी पत्र माझ्यात ठेवले आणि मला जोराने आत लोटले.

तिसऱ्या दिवशी ते उत्तर लिहायला बसले. पत्र काढण्यासाठी त्यांनी मला दोनदा ओढले, भीत भीत, जणू मला दुखेल. मी हललो नाही. "अडकलाय," ते पुटपुटले आणि उठून गेले. मित्रांनो, मी उघडलो असतो तर त्यांनी लिहिले असते का? कदाचित नसतेही. पण मी त्यांना सबब दिली, हे खरे.

पुढे एनिडबाई म्हणाल्या तेच झाले. विक्रीचे वकील म्हणाले, महिनाअखेर घर रिकामे करा. खरेदीचे वकील म्हणाले, घरावर काही अडचण नाही ना, याचा नगरपालिकेचा कागद अजून आलेला नाही. "ते काम आमच्याकडे येत नाही," दोन्हीकडून हेच उत्तर. आधी हे घर सोडावे, तर दोघे राहणार कुठे? बैठ्या घराच्या मालकीणबाई पाच आठवडे थांबल्या, आणि मग त्यांनी ते दुसऱ्याला दिले.

फोन ठेवून विल्फ्रेडांनी माझ्याकडे पाहिले. "एनिड, मिस गार्साइडचं पत्र आलं होतं. मी तुला दाखवलं नाही. उत्तरही दिलं नाही."

त्या रात्री एनिडबाई जिना चढल्याच नाहीत, खाली बाकावरच आडव्या झाल्या. ते मला आजही बोचते.

सकाळी त्या म्हणाल्या, "कुठंय ते पत्र?"

"खालच्या खणात. उघडत नाही."

"ओढ की, विल्फ. लाकूडच आहे, चावतंय थोडंच. दोन्ही हातांनी."

या वेळी त्यांनी जोर लावला. मीही अंग चोरले, असे मला वाटते. मी करकरत उघडलो. एनिडबाईंनी मेणबत्तीचा तुकडा शोधून माझ्या कडांना घासला. तेवढी माझी लायकी नव्हती.

विल्फ्रेडांनी आधी दोन्ही वकिलांना फोन करून नकार कळवला. शब्द स्पष्ट होते. मग लिहिले: "मिस गार्साइड, तुमचे पत्र मी लपवले, कारण नाही म्हणायची लाज वाटली. बैठे घर हातचे गेले. दुसरे शोधतो आहोत. तुमची तयारी असेल तर विकणे आणि घेणे, दोन्ही टोके तुमच्या हाती देतो. नसेल, तरी हे उत्तर मी तुमचे देणे लागत होतो."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या खणांना वर्षातून एकदा तरी मेण लावा. आणि आत काय ठेवून दिले आहे, तेही पाहा.

रस्त्याच्या टोकाशी तांबडी टपालपेटी आहे. ती मला खिडकीतून दिसते. पत्र धरलेला विल्फ्रेडांचा हात तिच्या तोंडाशी जरा थांबला, मग आत गेला. तो रिकामा बाहेर आला.